ओटीपोटातला पू आणि बिचारी आतडी : एका जुन्या दुखण्याचा आपल्या भागातला इतिहास

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारी महिना, ऊसतोडीचा हंगाम भरात. तेवीस-चोवीस वर्षांची एक बाई दवाखान्यात आली. सोबत नवरा आणि सासू. तक्रार एकच, आठ दिवस आव पडतेय, थांबत नाही. दोन ठिकाणी गोळ्या झाल्या होत्या, एक सलाईन झालं होतं. दिवसातून पंधरा-वीस वेळा संडासची भावना व्हायची, पण गेल्यावर नुसतीच चिकट शेम पडायची. संध्याकाळी थंडी वाजून ताप. चालताना ती पुढे वाकून, पोट धरून चालत होती. हे मला खटकलं. साधी आव असलेला माणूस असा चालत नाही.

मी विचारलं, "पाळी कधी आली होती?" उत्तर सासूनं दिलं. "तिचं तसलं काय नाही साहेब, पोटाचंच हाय."

दोघांना बाहेर बसवलं. सिस्टर आत थांबल्या. मग तिनं खालमानेनं सांगितलं की पंधरा दिवसांपूर्वी क्युरेटिंग केलं होतं. कुठे, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही त्या वेळी खोदून विचारलं नाही. तिची परवानगी घेऊन गुदद्वारातून बोटानं तपासलं. समोरच्या बाजूला मऊ, गरम, हात लावू न देणारा फुगवटा. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या मागे पू साठलेला दिसला. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीनं त्याच दिवशी तो योनिमार्गातून काढला, चहाचे दोन कप भरतील इतका. दुसऱ्या दिवशी सकाळी 'आव' बंद. आवेचं एकही औषध दिलेलं नव्हतं.

(ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

तिच्या नवऱ्यानं नंतर जो प्रश्न विचारला तो अगदी बरोबर होता. "साहेब, दुखणं पिशवीचं होतं, तर संडासला कशापायी लागत होतं?" आजचा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. पण ते उत्तर मला नुसत्या चित्रानं देता येत नाही. हा आजार आपल्या भागात दीडशे वर्षं कसा वावरला, हे कळल्याशिवाय तो आजही इतक्या उशिरा का ओळखला जातो ते कळत नाही.

आधी थोडी शरीररचना. ओटीपोटात पुढे मूत्राशय, मधे गर्भाशय आणि मागे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग म्हणजे मलाशय. गर्भाशय आणि मलाशय यांच्यामध्ये एक खोलगट खिसा असतो. जेम्स डग्लस नावाच्या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञानं १७३० मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून आम्ही त्याला आजही डग्लसचा खिसा म्हणतो. बाई उभी असो की बसलेली, पोटातली ही सर्वांत खालची जागा. विहिरीत गाळ जसा तळाला बसतो तसा पोटातला पू इथे येऊन बसतो. त्याची मागची भिंत म्हणजेच मलाशय. पूनं ती भिंत चेतवली की मलाशयाला वाटतं आपल्या आत काहीतरी आहे, ते बाहेर टाकलं पाहिजे. म्हणून ती वारंवार लागणारी कळ, आणि ती शेम.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पुरुषाचं पोट आतून पूर्ण बंद असतं. बाईचं तसं नाही. योनी, गर्भाशय, गर्भनलिका आणि नलिकेचं उघडं टोक असा बाहेरून थेट पोटाच्या पोकळीत जाणारा एक रस्ता आहे. गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला दाट स्राव एरवी त्या रस्त्यावर पहारा देतो. बाळंतपण, गर्भपात, गर्भाशयात घातलेलं कुठलंही अवजार, किंवा शरीरसंबंधातून आलेला परमा आणि क्लॅमिडियासारखा जंतू, यांत तो पहारा मोडतो. मग जंतू वर चढतात आणि नलिकेतून पोटात उतरतात. आतड्यांचा यात काही दोष नसतो. ती शेजारी राहतात एवढंच.

शेजाऱ्यावर संकट येण्याच्या तऱ्हा मात्र वेगवेगळ्या. एक तर वर सांगितलेली खोटी आव. दुसरी, पू पोटभर पसरला तर आतडी चालायचीच थांबतात. पोट नगाऱ्यासारखं फुगतं, वारा सरत नाही, हिरवी उलटी होते. तिसरी चिवट. सूज उतरते, बाई बरी होते, पण आतड्यांचे वेढे एकमेकांना आणि गर्भाशयाला चिकटून राहतात. तीन वर्षांनी, दहा वर्षांनी एखाद्या लग्नातलं जेवण झाल्यावर त्या चिकटलेल्या जागी आतडं मुरडतं आणि अडकतं. चौथी तऱ्हा सर्वांत वाईट, आतड्याला भोक पडणं. कधी पू स्वतःच मलाशय पोखरून बाहेर येतो. पूर्वीचे डॉक्टर याला निसर्गानं केलेलं ऑपरेशन समजत, आणि काही बायका त्यातून वाचतही. पण गर्भपात करताना अवजार गर्भाशयाच्या पलीकडे गेलं आणि त्यात आतडं फाटलं, तर निसर्ग काही मदत करत नाही.

आता मागे जाऊ.

जुन्या काळी बाळंतिणीला तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ताप चढायचा, पाचवीच्या पूजेच्या सुमारास ती बरळायला लागायची, पोट फुगायचं आणि दहाव्याच्या आत सगळं संपायचं. घरातले लोक सटवाईला बोल लावत, वैद्य सूतिकाज्वर म्हणत. आपल्याकडे याचा सगळा दोष सुईणीवर टाकायची पद्धत आहे. मला ते फारसं पटत नाही. सुईण हात न धुता वार काढायला आत हात घालायची हे खरं, पण त्याच काळात युरोपातल्या मोठ्या रुग्णालयांतले पदवीधर डॉक्टर याहून वाईट वागत होते. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणी तपासायला यायचे. इग्नाझ सेमेलवाइसनं १८४७ मध्ये त्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिल महिन्यात शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावत होत्या, जूनमध्ये ते प्रमाण दोनावर आलं. तरी त्याच्या सहकाऱ्यांनी त्याचं ऐकलं नाही. बाळंतज्वराच्या रुग्णांत पाश्चरला साखळीसारखे जंतू दिसले ते १८७९ मध्ये. म्हणजे आपल्या पणजीच्या पणजीला मारणारी गोष्ट नेमकी काय होती हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

पण बाळंतज्वर ही निदान उघड गोष्ट होती. पाळणा हलत असायचा, घर रडायचं. दुसरी एक बाई त्याच आजारानं मरत होती आणि तिच्यासाठी रडायचीही सोय नव्हती.

सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यातलं नायगाव तुम्हाला माहीत असेल. पुण्याच्या हमरस्त्यापासून फार लांब नाही. सावित्रीबाई फुले यांचा जन्म तिथला, ३ जानेवारी १८३१. जोतीरावांचं मूळ घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. शाळांचा इतिहास आपण सगळे शाळेत शिकतो. मला, एक डॉक्टर म्हणून, त्यांचं १८६३ मधलं काम तेवढंच मोठं वाटतं. पुण्यात त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवानं तिला फसवलं, ती गरोदर राहिली. त्याच्याच सांगण्यावरून तिनं निरनिराळी विषारी औषधं घेऊन पाहिली, गर्भ पडला नाही. मूल जन्मलं, तिनं ते मारलं, विहिरीत टाकलं, आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. शास्त्रीबुवांचं काय झालं ते सांगायला नको.

या प्रकरणानंतर फुले दांपत्यानं आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. ब्राह्मण वस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर जाहिराती लावल्या की विधवांनी इथे यावं, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावं, मूल ठेवायचं की न्यायचं हे त्यांनी ठरवावं. बाळंतपणं सावित्रीबाई करत. ४ डिसेंबर १८८४ च्या एका टिपणात, बेहरामजी मलबारींच्या प्रश्नांना उत्तर देताना, जोतीरावांनी याचा हिशेब दिला आहे. तोवर पस्तीस गरोदर विधवा आल्या. पस्तीस मुलांपैकी पाच जगली. तीस मुलं गेली ती, जोतीरावांच्या मते, आयांनी लपवाछपवीसाठी घेतलेल्या विषारी औषधांनी पोटातच इजा झाल्यामुळे.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यात मुलं दिसली. नंतर परत वाचला तेव्हा आया दिसल्या. पस्तीसपैकी तीस मुलांना मारण्याइतकं जहाल ज्यांच्या पोटात गेलं होतं त्या या बायका. त्या फुल्यांच्या दारापर्यंत पोचल्या म्हणजे तुलनेनं नशीबवानच. ज्यांना औषधांनी गुण आला नाही म्हणून कुणीतरी काडी घातली, त्या पोचल्या नसणार. आम्हाला न्यायवैद्यकाच्या पुस्तकात या काड्यांवर अख्खं प्रकरण होतं. कुठल्याशा विषारी मुळीची बोटभर लांब काडी, टोकाला चीक लावलेला कापूस गुंडाळलेला. झाडांची नावं मी मुद्दामच देत नाही. ती काडी गर्भाशयातून पलीकडे गेली की थेट आतड्यात. वरून १८६० च्या दंड संहितेनं गर्भपात हा गुन्हा, करणाऱ्याचा आणि करवून घेणाऱ्या बाईचाही. म्हणजे वैद्याकडे जायचं तर आधी गुन्हा कबूल करायचा. मग ती काय सांगणार? "पोटात दुखतंय, आव पडतेय." दीडशे वर्षांपूर्वीची काशीबाई आणि माझ्या दवाखान्यातली ती ऊसतोड करणारी बाई, दोघींची तक्रार एकाच शब्दांत येते ती यामुळे.

जाता जाता एक. याच गृहात आलेल्या एका विधवेचं मूल फुल्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतलं, यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णांची सेवा करताना गेल्या, १० मार्चला. त्या वेळी दवाखाना चालवणारा डॉक्टर यशवंतच होता.

आता सांगली-मिरजेकडे वळू. विल्यम वानलेस हा कॅनडात जन्मलेला डॉक्टर अमेरिकन मिशनतर्फे १८८९ मध्ये सांगलीला आला, छोटा दवाखाना काढला, आणि १८९४ मध्ये मिरजेला त्याचं रुग्णालय उभं राहिलं. पुढे तिथे डॉक्टर आणि परिचारिका तयार होऊ लागल्या. आज मिरजेत पावलोपावली दवाखाने दिसतात त्याचं मूळ तिथे आहे. कोकणापासून कर्नाटकापर्यंतची माणसं बैलगाडीनं आणि रेल्वेनं मिरजेला यायची.

त्या काळात पोटात पू झालेली बाई अशा रुग्णालयात आली तर सर्जनकडे काय होतं? क्लोरोफॉर्म, कार्बोलिक, उकळलेली अवजारं आणि स्वतःचे हात. शिरेतून सलाईन देण्याची सोय आजच्यासारखी नव्हती, प्रतिजैविकं नव्हती, रक्त चढवणं नव्हतं. म्हणून सगळी भिस्त एका साध्या गोष्टीवर, पू खाली उतरू द्यायचा आणि खालून वाट करून द्यायची. जॉर्ज फाउलर या अमेरिकन सर्जननं १९०० मध्ये सुचवलं की पोटात पू असलेल्या रुग्णाला आडवं ठेवू नका, पाठीमागे उशा लावून अर्धवट बसवा, म्हणजे पू वर यकृताकडे न जाता ओटीपोटात जमेल. आजही रुग्णालयात तुमच्या माणसाची कॉट डोक्याकडून उचललेली दिसली तर त्यामागचं एक कारण हेच. पू वर गेला तर काय होतं याचंही एक उदाहरण सांगण्याजोगं आहे. ओटीपोटातला परमा किंवा क्लॅमिडियाचा जंतू कधीकधी यकृताच्या आवरणापर्यंत पोचतो आणि तिथे धाग्यांसारखे चिकटे तयार होतात. बाईला उजव्या बरगडीखाली दुखतं आणि सगळे पित्ताशयाचे खडे शोधत बसतात. कर्टिस आणि फिट्झ-ह्यू या दोन डॉक्टरांनी १९३० आणि १९३४ मध्ये याचं वर्णन केलं. उजवीकडे खाली दुखलं तर अपेंडिक्स समजलं जातं, ही गल्लत तर आमच्याकडून दर वर्षी होते.

खरा बदल १९३५-३६ मध्ये झाला. जर्मनीत डोमाकनं प्रॉन्टोसिल हे लाल रंगाचं औषध शोधलं, आणि लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुकनं ते बाळंतज्वराच्या बायकांना दिलं. मरण्याचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. मग महायुद्धानंतर पेनिसिलिन. आमच्या वडिलांच्या पिढीनं हा फरक डोळ्यांनी पाहिला.

मिरजेची गोष्ट निघाली तर क्षयरोग टाळता येत नाही. सांगली-मिरज रस्त्यावरचं वानलेसवाडी हे नाव तुम्ही बसच्या पाटीवर वाचलं असेल. तिथे क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम होतं. क्षय म्हणजे खोकला आणि रक्त, असं आपल्या डोक्यात बसलेलं आहे. पण तरुण मुलीच्या फुप्फुसातून तो रक्तावाटे गर्भनलिकांत जाऊन वर्षानुवर्षं गुपचूप बसतो. ताप नाही, पू नाही. पाळी कमी होत जाते, मूल राहत नाही, एवढंच. तोच जंतू लहान आतड्याच्या टोकाशीही घर करतो. तिथे गोळा लागतो, आतडं अरुंद होतं, जेवल्यावर पोटात गुरगुरून कळ येते, वजन उतरतं. कधी दोन्ही एकाच पोटात असतं. मुलासाठी उपचार घेणाऱ्या मुलीला कुणी पोटाचं विचारत नाही, आणि पोटासाठी आलेलीला कुणी पाळीचं विचारत नाही. मी स्वतः एका मुलीला जवळजवळ वर्षभर 'अल्सर'च्या गोळ्या दिल्या आहेत. शेवटी तिच्या पोटात पाणी झालं तेव्हा निदान झालं. क्षयाची औषधं सहा महिने घेऊन ती बरी झाली, पण नलिका बंद झाल्या त्या झाल्याच. ती चूक माझी होती आणि तिच्या आईनं मला कधी बोल लावला नाही, हे जास्त लागतं.

क्षयानं नेलेली आपली सर्वांत प्रसिद्ध तरुण बाई डॉक्टरच होती. आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं, आणि बायकांना तपासायला बाई डॉक्टर हवी हे त्यातून त्यांच्या मनानं घेतलं. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून पदवी घेतली. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं, वय एकवीस. त्या कोल्हापूरला आल्या असत्या तर सांगली-साताऱ्याच्या किती बायकांनी दुखणं वेळेत सांगितलं असतं, हा विचार माझ्या मनात येतो.

स्वातंत्र्यानंतरची मोठी घटना म्हणजे कायदा. शांतिलाल शहा हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. त्यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारनं १९६४ मध्ये समिती नेमली. १९६६ च्या अखेरीस तिचा अहवाल आला. चोरून होणाऱ्या गर्भपातांतून बायका मरतात, म्हणून तो डॉक्टरांच्या हाती, उजेडात व्हावा, हा त्याचा गाभा. १९७१ मध्ये कायदा झाला, १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाली. आता वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतानं, काही परिस्थितींत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो. अविवाहित मुलींनाही तो मिळतो, आणि बाईचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. हे मी इतक्या तपशिलात लिहितो आहे कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांना, आणि त्यांच्या नवऱ्यांना, गर्भपात हाच गुन्हा आहे असं वाटतं.

असं वाटण्याला कारण आहे. गर्भाचं लिंग पाहणं आणि मुलगी म्हणून गर्भ पाडणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. महाराष्ट्रानं त्याविरुद्ध १९८८ मध्ये देशात पहिला कायदा केला, १९९४ मध्ये देशाचा झाला. साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे यांच्या 'लेक लाडकी' अभियानानं तर सोनोग्राफी केंद्रांवर छुप्या तपासण्या करून ही दुकानं उघडी पाडली. पण लोकांच्या मनात दोन कायद्यांची सरमिसळ झाली. त्यात चोरट्यांचं फावलं. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले. प्रकरण उघडकीला आलं ते एका सव्वीस वर्षांच्या गरोदर बाईच्या मृत्यूमुळे. वानलेसच्या रुग्णालयापासून काही मैलांवर, डॉक्टरांच्या गावाच्या कुशीत, १८६३ मधलीच गोष्ट घडत होती. म्हैसाळची बातमी आली त्या आठवड्यात मी दवाखान्यात बसून माझ्या जुन्या 'आवे'च्या केसेस मनात मोजत होतो. किती जणींना मी पाळीचं विचारलंच नव्हतं?

गर्भपात, बाळंतपण यांचं निदान काहीतरी निमित्त सांगता येतं. ज्यांचं काहीच निमित्त नसतं त्यांचं काय? याचं उत्तर दिलं गडचिरोलीनं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांना, तक्रार असो वा नसो, तपासलं. जानेवारी १९८९ च्या लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आले. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्यातला निम्मा भार जंतुसंसर्गाचा. यापूर्वी कधी आतून तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के. म्हणजे अंगावरून पांढरं जाणं, कंबर धरणं, ओटीपोट जड होणं हे सगळं बाईच्या जन्माला आलंच असं समजून अंगावर काढलं जात होतं. आमच्या सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' ही संस्था वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर काम करते आहे. तिथे त्या बायकाच एकमेकींना निरोध पोचवतात, दवाखान्यात घेऊन जातात. ओटीपोटातल्या पूची सुरुवात जिथे होते तिथेच त्याला अडवणारं हे काम, पण आरोग्याच्या व्याख्यानांत त्याचं नाव घेताना लोक अजून चाचरतात.

आणि ऊसतोड. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीडकडून हजारो कोयते आपल्या कारखान्यांवर येतात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, उचल घेतलेली. पहाटे फडात, रात्री पालात. संडास नाही, धुवायला पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही वजन उचलायचं. एक दिवस बसलं की खाडा, म्हणजे दंड. अशा बाईच्या ओटीपोटात दुखायला लागलं तर चौदा दिवसांच्या गोळ्या आणि विश्रांती तिला परवडत नाही. पिशवी काढून टाकली की कटकट गेली, असं तिला सांगणारे भेटतात. २०१९ मध्ये विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं यात लक्ष घातलं. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती.

पिशवी काढणं कधीकधी गरजेचं असतं, मी त्याच्या विरोधात नाही. पण संसर्गासाठी ती काढताना लोक एक गोष्ट विसरतात. पिशवी गेली तरी आतडी तिथेच राहतात. ऑपरेशनच्या जागी ती चिकटतात, आणि आधीच सूज असेल तर जास्त चिकटतात. पंचविशी-तिशीत पिशवी काढलेली बाई पस्तिशीत आतडं अडकून येते तेव्हा फाइलवर 'आतड्याचा आजार' लिहिलं जातं आणि पहिला आजार पुसला जातो.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही ओळखायचं कसं? बाळंतपण, गर्भपात, क्युरेटिंग किंवा तांबी बसवल्यानंतर थंडी वाजून ताप, ओटीपोटात दुखणं आणि घाण वासाचा स्राव असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. सोबत वारंवार संडासची कळ येत असेल तर ती आव समजून जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या घेऊ नका, आणि डॉक्टरला बाळंतपणाचं किंवा गर्भपाताचं आपणहून सांगा, त्यानं विचारो न विचारो. पोट फुगणं, वारा न सरणं, सारखी उलटी, पोट हाताला लाकडासारखं कडक लागणं, ही तर रात्री दोनलाही रुग्णालय गाठण्याची लक्षणं. सातारा, सांगली, मिरजेच्या सरकारी रुग्णालयांत यावर उपचार होतात. साधा संसर्ग असेल तर प्रतिजैविकांचा कोर्स बहुधा दोन आठवड्यांचा असतो. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडू नका, आणि नवऱ्याचीही तपासणी व उपचार करून घ्या. तो "मला काही होत नाही" म्हणेल. क्लॅमिडियात पुरुषाला बहुतेक वेळा खरंच काही होत नाही, म्हणूनच तो परत परत देत राहतो. आणि पूर्वी ओटीपोटाचा आजार किंवा ऑपरेशन झालेलं असेल तर पोटदुखीसाठी कुठेही जाताना तो जुना कागद सोबत न्या.

ती ऊसतोडीची बाई पुढच्या हंगामात परत आली. या खेपेला सासू नव्हती. बरोबर त्यांच्याच टोळीतली दुसरी एक तरुण मुलगी होती. मी काही विचारायच्या आधीच हिनं सुरुवात केली, "साहेब, हिला आव पडतेय. पण तुम्ही आधी हिचं पाळीचं इचारा. मी नवऱ्याला बाहेरच बसवलंय."

मी सगळं विचारलं, तपासलं, सोनोग्राफीही केली. ती खरोखरच आव निघाली. पाच दिवसांच्या गोळ्यांनी थांबली.